दोन महिने वजा

वाचकहो, जन्मभर मी दुकानाच्या चोपड्या लिहिल्या, पैशाची चूक कधी राहू दिली नाही. पण घरातल्या सव्वा हात लांबीच्या माणसाचे वय मोजताना माझा हिशेब चुकला. तोही दोनदा!

आमचा नातू मुदतीच्या आठ आठवडे आधी, म्हणजे ३२ व्या आठवड्यातच आला. काही दिवस काचेच्या पेटीत राहून सुखरूप घरी आला. गोंदियाला चिकटलेल्या आमच्या कुडव्यात शेजारीही त्याच आठवड्यात नात झाली होती, पुऱ्या दिवसांची. सहाव्या महिन्यात ती झोकात पालथी पडू लागली आणि काकूंनी कुंपणावरून विचारले, "काहो काकाजी, तुमचा अजून पालथा नाही पडत का?"

सूनबाई मुकाट्याने आत गेली. त्या रात्री ती जेवली नाही. मीही कॅलेंडरवर बोटे मोजत बसलो.

नागपूरच्या डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, "आजोबा, वय जन्मतारखेपासून धरू नका. प्रसूतीची जी तारीख ठरली होती, तिथून धरा. दोन वर्षांचा होईपर्यंत हाच हिशेब." सहातून दोन गेले, उरले चार. चार महिन्यांचे बाळ पालथे पडले नाही तर बिघडले कुठे?

मग त्यांनी त्याला उताणे ठेवले आणि काही वेळ नुसते पाहिले. मला वाटले, तपासणी कधी सुरू होणार? पण हीच तपासणी होती! हाइन्झ प्रेख्टल या ऑस्ट्रियन डॉक्टरांनी दाखवून दिले, की ठरल्या तारखेनंतर तीन ते पाच महिन्यांच्या निरोगी बाळाच्या अंगात सतत एक बारीक चुळबुळ असते. ती दिसली नाही, तर पुढे हातपाय ताठण्याचा विकार, ज्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात, तो होण्याची शंका धरावी लागते. नंतर त्यांनी बाळाला हात धरून उठवले, मान मागे राहते का ते पाहिले, पालथे घातले. अशा निरीक्षणांचे तक्तेच आहेत. कॅनडातल्या अल्बर्टाच्या तक्त्यात ५८ बाबी. आपल्याकडे प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या मुलांवरून बसवलेल्या मापनात हालचालींच्या ६७. त्याची सुधारित पुस्तिका १९९७ साली पुण्यातून निघाली.

आता मी शहाणा झालो, आणि तिथेच दुसरी चूक झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली निरोगी मुलांचा अंदाज दिला आहे: एकट्याने चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने. केवढा मोठा पट्टा! मी घरात जाहीर केले, "पोर आपल्या वेळेने सगळे करील. दहाव्या महिन्याची नागपूरची फेरी रद्द." शिवाय तो प्रत्येक वस्तू डाव्या हातानेच पकडायचा. मी कौतुकाने सांगे, "डावखुरा फलंदाज होणार!"

सूनबाई प्रथमच मला उलट बोलली. "बाबा, त्याची उजवी मूठ उघडतच नाही. तुम्ही येऊ नका, मी एकटी जाते."

गेलो, अर्थातच. डॉक्टरीणबाईंनी डावा हात हलकेच धरला आणि समोर खुळखुळा वाजवला. उजवा हात पुढे आलाच नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "वर्षाच्या आत मूल डावखुरे ठरत नसते, आजोबा. एकच हात पुढे येतो, तेव्हा दुसरा का येत नाही ते पाहायचे. दोन महिने वजा करायचे ते वय मोजण्यासाठी. तपासणीला सुट्टी देण्यासाठी नव्हे."

रोगाचे नाव त्यांनी लगेच चिकटवले नाही. व्यायाम शिकवला. रोज थोडा वेळ डाव्या हातावर मऊ मोजा, आणि खेळणे उजवीकडून. लहानपणी मेंदू नव्या वाटा लवकर शिकतो, म्हणून हे आत्ताच करायचे.

चार महिने झाले. वाट अजून लांब आहे, पुढल्या तारखा भिंतीवर टांगल्या आहेत. परवा आकाशकंदील लावत होतो. नातू सुनेच्या कडेवर होता. खाली लोंबणाऱ्या कागदाच्या शेपटीकडे एक मूठ हळूहळू उघडत गेली, आणि शेपटी टर्रकन फाटली.

उजव्या हाताने, वाचकहो! या दिवाळीत आमचा कंदील बिनशेपटीचाच आहे.