जुनी गाडी की अडकलेला चोक?

'जुने ते सोने' असे आपण म्हणतो खरे. पण दारातली जुनी स्कूटर एका सकाळी चालू झाली नाही, की त्याच सोन्याचे लगेच भंगार होते. किक मारून पाय दुखतो, गाडी आडवी करून पाहिली जाते आणि शेवटी निकाल ठरलेला: 'गाडीचे वय झाले.' माझे म्हणणे एवढेच, की हा निकाल देण्यापूर्वी चोककडे एकदा पाहावे.

इंजिन गार असताना पेट्रोलची नीट वाफ होत नाही. म्हणून सुरुवातीला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त लागते. ते देण्याचे काम चोकचे. काही गाड्यांत चोक ओढला, की हवेच्या वाटेवर झडप येते. काहींत पेट्रोलची एक जादा वाट उघडते. इंजिन गरम झाले की चोक परत आत सारायचा असतो.

त्यामुळे पहिला प्रश्न असा: गाडी त्रास कधी देते? सकाळी गार असताना चालू होत नाही, पण एकदा चालू झाली की दिवसभर कुरकुर नाही, तर चोक ओढूनही उघडत नसावा. उलट सकाळी झटकन चालू होते आणि गरम झाल्यावर अडखळते, काळा धूर सोडते, पेट्रोल जास्त पिते, प्लगवर कोरडी काजळी धरते. तर चोक पुरता आत जात नसावा. निळसर-पांढरा धूर मात्र जळणाऱ्या ऑइलचा. तो दोष चोकच्या माथी मारू नये.

आमच्या विश्रांतवाडीत बैठ्या घरांपुढे अशा जुन्या स्कूटर अजून उभ्या दिसतात. 1972 साली निघालेली 'चेतक' आपल्या आकुर्डीच्या कारखान्यातली. आमच्या घरची 1998 सालची. मागच्या वर्षी ती काळा धूर सोडू लागली, तेव्हा एका गॅरेजात 'नवा कार्ब्युरेटर टाका' असे सांगण्यात आले. वडील सातवी शिकलेले. त्यांनी घरी येऊन चोक ओढला, सोडला, आणि खाली वाकून पाहिले. तो परत येताना अर्ध्यावरच थांबत होता. गंज खरवडला, ऑइलचे दोन थेंब सोडले, प्लग पुसला. नव्या कार्ब्युरेटरचा खर्च वाचला.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. तर्कशास्त्राच्या तासाला लक्षणावरून कारण शोधायला मी शिकते. वडिलांनी त्या दिवशी दुसरे काय केले? तरीही 'ते मेकॅनिकचे काम' म्हणून आपण विद्यार्थी नाक मुरडतो, आणि मुलीने पान्याला हात लावला तर मग विचारूच नका!

कोणी म्हणेल, जुन्या गाड्या हवा खराब करतात, त्या गेलेल्याच बऱ्या. या म्हणण्यात तथ्य आहे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. ते योग्यच झाले. पण नवी गाडी घेण्याची ऐपत नसलेल्यांच्याच दारात जुनी गाडी उभी आहे. 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण, शिवाय पीयूसी, हे सारे त्यांनाच करायचे असते. अडकलेल्या चोकमुळे धूर वाढला तर हवाही त्यांच्याच वस्तीची बिघडते. गाडी रस्त्यावर आहे तोवर ती नीट ठेवण्याचे ज्ञानही घरात असायला हवे. ते जाणणारी पिढी आता थकत चालली आहे.

माझी सूचना साधी आहे. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एक रविवार यासाठी द्यावा. वस्तीतल्या जुन्या स्कूटर बोलवाव्यात, चोक आणि प्लग तपासून द्यावेत. शिकवायला आपल्याच विद्यार्थ्यांचे वडील येतील. एक दिवस त्यांनी बोलावे आणि आपण वहीत लिहून घ्यावे. पदवीचे मोल त्याने कमी होणार नाही.