उत्तरायण संक्रांतीला सुरू होत नाही

दर जानेवारीत वर्तमानपत्रांत आणि शाळांच्या फळ्यांवर एक वाक्य हमखास दिसते: ‘मकरसंक्रांतीपासून सूर्याचे उत्तरायण सुरू होते.’ हे वाक्य चूक आहे आणि ते छापणे आता थांबवावे. उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच लागते. तिळगूळ वाटेपर्यंत त्याला तीन आठवडे होऊन गेलेले असतात. ही तफावत पृथ्वीच्या एका संथ गतीमुळे पडते. तिचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलत सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरा पुरा करतो. त्यामुळे ऋतूंचे वर्ष ताऱ्यांच्या वर्षापेक्षा वीस मिनिटांनी लहान भरते आणि साधारण ७२ वर्षांत एका दिवसाचा फरक साचतो. विवेकानंद १८६३ च्या संक्रांतीला जन्मले, तेव्हा तारीख होती १२ जानेवारी; आता हा सण १४ किंवा १५ ला येतो. ध्रुवपदसुद्धा याच डुलण्याने एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जाते.

यावर कोणी घड्याळ दाखवतात: मुंबईत जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्योदय लांबतच असतो, मग दिवस मोठा झाला कुठे? तो संध्याकाळी होतो. २२ डिसेंबरच्या मानाने १४ जानेवारीला सूर्य सात-आठ मिनिटे उशिरा उगवतो, पण मावळतो चौदा-पंधरा मिनिटे उशिरा. परंपरेचा आक्षेप अधिक वजनदार आहे, पण परंपरा नेमकी कोणती? वेदांगज्योतिषात उत्तरायण धनिष्ठारंभी लागते. सहाव्या शतकात वराहमिहिराने ते मकरारंभी असल्याचे सांगितले, पूर्वी वेगळे होते हेही नोंदवले आणि प्रत्यक्ष पाहून खात्री करायला सांगितले. आज उत्तरायण लागते त्या दिवशी सूर्य मूळ नक्षत्रात असतो. टिळक पंचांगाची संक्रांत तर १० जानेवारीच्या सुमारास येते, कारण त्याचा राशिचक्राचा आरंभबिंदू वेगळा. (सण हलवा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. संक्रांत हा ताऱ्यांच्या हिशेबातला राशिप्रवेश आहे आणि त्या हिशेबाने तो योग्यच आहे.) त्याला उत्तरायण चिकटवले की मात्र मुले पंचांग आणि आकाश एकच समजतात. शिक्षकांनी मुंबईच्या अक्षांशावर एक मीटरची काठी उभी करून दोन्ही दिवशी मध्यान्हीची सावली मोजून घ्यावी: २२ डिसेंबरला ती सुमारे ९२ सेंटिमीटर भरेल, १४ जानेवारीला ८५.