अर्ज पोचलाच पाहिजे

दाखला असो, शिष्यवृत्ती असो वा पीकविमा. सरकारी कचेरीच्या खिडकीची जागा आता मोबाइलच्या पडद्याने घेतली आहे. जुन्या खिडकीशी रांग असे, पण निदान कारकुनाशी हुज्जत घालता येई. नवी खिडकी काहींसाठी उघडतच नाही, आणि ती न उघडल्याची नोंदही बहुधा कोठे राहत नाही. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवेला मुदत घालून दिली. परंतु ही मुदत अर्ज मिळाल्यापासून मोजली जाते. जो अर्ज पोचलाच नाही, त्याच्या बाबतीत हक्काचा आरंभच होत नाही. म्हणून हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांवर सोडून भागणार नाही.

वेबपानाचे थर तीन. मजकूर व अर्जाची रचना एचटीएमएल सांगते, रूप सीएसएस देते आणि १९९५ साली आलेली जावास्क्रिप्ट पानात हालचाल घडवते. एचटीएमएल सोशिक आहे. तिच्यातील एखादा भाग ब्राउझरला उमगला नाही, तर तेवढा सोडून तो उरलेले पान दाखवतो. जावास्क्रिप्टची फाइल मात्र वाटेत अडली वा तिच्यात चूक निघाली, की तिच्यावर विसंबलेले काम ठप्प होते. असे असूनही कित्येक संकेतस्थळे जवळजवळ कोरे पान धाडतात आणि सारी उभारणी जावास्क्रिप्टकरवी अर्जदाराच्या फोनवर करून घेतात. स्वस्त फोन आणि क्षीण नेटवर्क असलेल्यावर हा बोजा सर्वांत अधिक पडतो.

‘जावास्क्रिप्ट बंद ठेवतो कोण?’ असा सवाल यावर केला जातो. त्याचे उत्तर ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेने २०१३ साली मोजणी करून दिले. सरकारी संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर आलेल्यांपैकी १.१ टक्के लोकांपर्यंत जावास्क्रिप्टची जोड पोचली नव्हती. ती बंद ठेवणारे अथवा तिला न जाणणारे ब्राउझर वापरणारे त्यांत अवघे ०.२ टक्के होते. उरलेल्या ०.९ टक्के लोकांकडे ती चालावयास हवी होती, तरी चालली नाही. एक कोटी अर्जांना हेच प्रमाण लावले, तर १ लाख १० हजार माणसे दाराबाहेर राहतात. त्यांतील बहुसंख्यांचा दोष काहीच नसतो.

उपाय नवा नाही. २००३ साली स्टीव्हन चँपियन व निक फिंक यांनी या पद्धतीला ‘प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट’ असे नाव दिले. आधी पाया, मग सजावट, एवढाच तिचा अर्थ. अर्ज साध्या एचटीएमएलचा असावा; बटण दाबताच माहिती सर्व्हरकडे जावी; तपासणी सर्व्हरने करावी आणि चूक आढळल्यास भरलेली माहिती न पुसता पान परत द्यावे. जिल्हा निवडताच तालुके आपोआप दिसणे ही जावास्क्रिप्टची सोय झाली. ती नसेल तेथे ‘पुढे’ हे बटण दाबून तालुक्यांचे दुसरे पान यावे. फिरत्या नकाशासारख्या काही गोष्टी जावास्क्रिप्टवाचून होणार नाहीत, हे मान्य. पण नाव, पत्ता आणि उत्पन्न लिहून घेण्यास तिची गरज नाही.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. तो कागदावरून पडद्यावर उतरवण्याचे काम कार्यकर्त्यांपुढे आहे. लोकांचे अर्ज भरून देताना कोणते पान कोठे अडले, त्याची तारीखवार नोंद त्यांनी ठेवावी. जनतेच्या पैशातून होणाऱ्या संकेतस्थळांच्या प्रत्येक निविदेत एक अट घालण्याचा आग्रह धरावा: जावास्क्रिप्ट बंद असतानाही मूळ अर्ज भरता आला पाहिजे. याची परीक्षा करण्यास तज्ज्ञ लागत नाही. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ती बंद करावी आणि काम स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतः एक अर्ज भरून पाहावा.