रूप चेतकचे, गुण कोणाचे?



गेल्या काही वर्षांत रस्त्यावर एक गमतीची गोष्ट दिसू लागली आहे. वाहन अगदी नवे, विजेवर चालणारे; पण चेहरा मात्र आजोबांच्या काळातला. तोच गोल दिवा, त्याच फुगीर बाजू, तोच गोलाई दिलेला पत्रा. पुण्याच्या बजाज कंपनीने १६ ऑक्टोबर २०१९ रोजी विजेवर चालणारी स्कूटर लोकांपुढे आणली आणि तिला नाव दिले जुनेच, ‘चेतक’. युरोपात फियाटची ५००, रेनॉची ५ आणि फोक्सवॅगनची मायक्रोबस या जुन्या गाड्यांनीही असाच विजेचा नवा अवतार घेतला. अशा घडणीला ‘रेट्रो’ म्हणतात. या सर्वांच्या जाहिरातींचा सूर साधारण एकच असतो : जुन्या काळचा भरवसा आणि नव्या काळचे विज्ञान, दोन्ही एकाच गाडीत!

हा गाजावाजा कितपत खरा आहे? माझे मत आधीच सांगतो. या गाड्यांमधील वीज आपल्या कीर्तीला बऱ्याच अंशी जागते. जुनेपणा मात्र बहुधा पत्र्यापुरताच राहतो. आता मी माझी कारणे मांडतो. ती तपासून पाहा आणि पटली तरच माना.

आकार आला कोठून?

जुन्या चेतकचा आकार कोणी केवळ शोभेसाठी काढला नव्हता. त्याचे मूळ आहे १९४६ साली इटलीत जन्मलेल्या व्हेस्पा स्कूटरमध्ये. तिचा रचनाकार कोर्रादिनो दास्कानिओ हा विमानांचा अभियंता होता. स्कूटरवर बसणाऱ्याचे कपडे तेलाने माखू नयेत म्हणून त्याने इंजिन पत्र्याखाली झाकले. पायांवर चिखल उडू नये म्हणून पुढे ढालीसारखा रुंद पत्रा दिला. विमानाच्या चाकाप्रमाणे पुढचे चाक एकाच बाजूने धरले, त्यामुळे पंक्चर झाल्यावर ते चटकन काढता येई. वेगळा सांगाडा न करता पत्र्याच्या अंगालाच सांगाड्याचे काम दिले. १९७२ साली आलेली चेतक याच आराखड्यावर बेतलेली होती. तिच्या एका फुगीर बाजूत इंजिन होते आणि दुसऱ्या बाजूत सामानाची जागा. थोडक्यात, प्रत्येक फुगवट्याला काही ना काही काम होते.

विजेच्या स्कूटरमध्ये ते इंजिनच नाही. मोटर लहान असते आणि मागच्या चाकाजवळ सहज मावते. येथे जड आणि जागा अडवणारी वस्तू म्हणजे बॅटरी. जड वस्तू जितकी खाली ठेवावी तितका गुरुत्वमध्य खाली येतो आणि वाहन स्थिर राहते. सुरुवातीच्या विजेच्या चेतकमध्ये बॅटरी आसनाखाली होती. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या मालिकेत ती पाय ठेवण्याच्या फळीखाली गेली आणि आसनाखाली ३५ लिटरची जागा मोकळी झाली. लक्षात घ्या, चेहरा तसाच राहिला. पण आतली मांडणी बॅटरीच्या सोयीने बदलली तेव्हाच वाहन अधिक चांगले झाले.

नव्या यंत्राला जुना वेश चढवण्याची ही सवय आजची नाही. पहिल्या मोटारगाड्या घोडा सोडलेल्या बग्गीसारख्याच दिसत. अनोळखी यंत्राची लोकांना भीती वाटते आणि ओळखीचा चेहरा ती कमी करतो. एवढ्यापुरता रेट्रोचा उपयोग मला मान्य आहे. मात्र मोटारगाडी कायम बग्गी राहिली नाही, हेही विसरू नका. विजेच्या गाडीचा भूतकाळ तर आणखी मजेदार आहे. १८९९ साली ताशी १०० किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडणारी मोटारगाडी विजेवरच चालत होती आणि तिचा आकार होता पाणतीरासारखा, म्हणजे टॉर्पेडोसारखा! वारा कापणे हे त्या आकाराचे काम होते.

चार कप पेट्रोल

आता ऊर्जेचा हिशेब करू. २०२४ च्या चेतकची बॅटरी ३.५ किलोवॅट-तासांची आहे. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या विजेच्या बिलावरचे एक युनिट. एक लिटर पेट्रोल जाळले तर सुमारे ९ युनिटे ऊर्जा मिळते. म्हणजे या अवजड बॅटरीत साठवलेली सारी ऊर्जा जेमतेम ४०० मिलिलिटर पेट्रोलाएवढी झाली. चहाचे चार कप भरतील एवढेच!

तरीही कंपनीने या स्कूटरचा पल्ला १५३ किलोमीटर जाहीर केला होता. जाहीर होणारा पल्ला ठरावीक चाचणीतला असतो. चढ, खड्डे, मागे बसलेला मित्र आणि थांबत-चालत जाणारी रहदारी यांमुळे प्रत्यक्षात तो कमी होतो. आपण सावधपणे १०० किलोमीटर धरू. चार कप पेट्रोलाएवढ्या ऊर्जेत १०० किलोमीटर कसे जाता येते? पेट्रोल इंजिनात इंधनातील जेमतेम पाव ऊर्जा चाकापर्यंत पोचते. बाकीची उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विजेची मोटर मात्र मिळालेल्या ऊर्जेपैकी ८० टक्क्यांहून अधिक कामी लावते.

खर्च पाहा. चार्जिंग करताना थोडी वीज वाया जाते, म्हणून १०० किलोमीटरला ४ युनिटे धरू. युनिटला १० रुपये धरले तर ४० रुपये झाले. लिटरमागे ४५ किलोमीटर जाणाऱ्या स्कूटरला त्याच अंतराला सुमारे २.२ लिटर पेट्रोल लागेल. लिटरला १०५ रुपये धरले तर खर्च २३० रुपयांच्या घरात जातो.

पण हिशेब येथेच थांबवला तर तो अर्धवट राहील. ती ४ युनिटे आली कोठून? आपल्याकडची बरीचशी वीज आजही चंद्रपूर, कोराडी यांसारख्या औष्णिक केंद्रांत कोळसा जाळून मिळते आणि तेथे कोळशातील ऊर्जेच्या साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते. भारतात एका युनिटामागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे ४ युनिटांमागे २.८ किलो. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे २.२ लिटरला ५ किलो. तेव्हा विजेची स्कूटर ‘निर्धूर’ आहे हे गल्लीपुरते खरे. देशाच्या हिशेबात तिचा धूर निम्म्याच्या आसपास आहे. हेही थोडे नाही. शिवाय सूर्य आणि वारा यांपासून मिळणारी वीज जसजशी वाढेल, तसतसा हा आकडा आपोआप खाली येईल. जुन्या पेट्रोल स्कूटरला ती सोय नव्हती. एवढ्यावरून वीज परीक्षेत उत्तीर्ण झाली असे म्हणायला हरकत नाही. पण हे श्रेय मोटरचे आहे, गोल दिव्याचे नाही.

वारा कोणाला ओळखत नाही

मग जुन्या रूपामुळे काही तोटा होतो का? याचे उत्तर वेगावर अवलंबून आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३० किलोमीटरवरून ६० वर गेलात की तो दुप्पट होत नाही, चौपट होतो. शहरातल्या गर्दीत हळू चालणाऱ्या स्कूटरला म्हणूनच फुगीर अंगाची फारशी किंमत मोजावी लागत नाही. महामार्गावर धावणाऱ्या मोटारीची गोष्ट वेगळी. १९५० च्या मायक्रोबसचा समोरचा चेहरा चपटा होता, कारण इंजिन मागे होते आणि आत अधिकात अधिक जागा हवी होती. तिच्या विजेवरील वारसदार गाडीच्या रचनाकारांना तो चेहरा जसाच्या तसा ठेवता आला नाही. काच तिरपी करावी लागली, कडा घासूनपुसून घ्याव्या लागल्या. आठवणींना वारा वाट देत नाही! तरीही अंग रुंद आणि उंच ते उंचच. अमेरिकेत विकलेल्या या गाडीत ९१ युनिटांची बॅटरी आहे आणि तेथील चाचणीत तिचा पल्ला सुमारे ३७५ किलोमीटर भरला. म्हणजे एका युनिटात चार किलोमीटर. सात माणसे घेऊन जाणाऱ्या गाडीला हे शोभते. एकट्याने मिरवायला हा खर्च मोठा आहे.

गरिबाची गाडी महाग झाली

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. व्हेस्पा, फियाट ५००, मायक्रोबस, चेतक या वाहनांवर लोकांनी इतके प्रेम का केले? ती सुंदर होती म्हणून? सुंदर ती होतीच, पण मुख्य म्हणजे ती सामान्य माणसाच्या आवाक्यातली होती. युद्धानंतरच्या टंचाईत युरोपातल्या कारागिराला आणि दुकानदाराला त्यांनी चाके दिली. आपल्याकडे चेतकसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत, कारण ती मध्यमवर्गीय घराचे पहिले वाहन होती. नवरा, बायको, दोन मुले आणि बाजाराची पिशवी तिने निमूटपणे वाहिली.

मायक्रोबसचा विजेवरील अवतार अमेरिकेत आला तो सुमारे ६०,००० डॉलर किंमत घेऊन. होंडानेही २०२० मध्ये युरोपात ‘होंडा ई’ नावाची गोड चेहऱ्याची छोटी गाडी आणली. चेहऱ्याचे कौतुक खूप झाले. पण किंमत जास्त आणि पल्ला जेमतेम २२० किलोमीटर. २०२४ उजाडेपर्यंत ती बंद झाली. फियाटची विजेवरील ५०० ही २०२० चीच. पुरेसे गिऱ्हाईक न मिळाल्याने २०२४ मध्ये तूरिनच्या कारखान्यातील तिचे उत्पादन वारंवार थांबवावे लागले आणि २०२५ च्या अखेरीस त्याच अंगात पेट्रोल इंजिन बसवण्याची पाळी आली. चेहऱ्यावर मन जडते, पण पैसे मोजताना माणूस किंमत आणि पल्लाच पाहतो.

याउलट रेनॉ ५ पाहा. तिचा मूळ अवतार चेतकप्रमाणेच १९७२ चा. नवी विजेची ५ ही युरोपात सुमारे २५,००० युरोपासून मिळू लागली, म्हणजे तेथील विजेच्या गाड्यांत स्वस्त. आणि २०२५ सालची युरोपातील सर्वोत्तम मोटार म्हणून तिची निवड झाली. तिच्या बॉनेटवर पूर्वी हवा आत घेणारी जाळी होती, तेथे आता बॅटरी किती भरली आहे हे दाखवणारा दिवा आहे. जुन्या जागेला नवे काम दिले, याला मी शहाणपण म्हणतो. विजेच्या चेतकचीही नोंद घेतली पाहिजे. २०२० साली ती १ लाख रुपयांपासून मिळू लागली होती. जून २०२५ मध्ये तिचा एक प्रकार लाखाच्या किंचित आत आला. पाच वर्षांच्या महागाईत किंमत वाढू न देणे हे सोपे काम नाही.

पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर

जुन्या चेतकचा आणखी एक गुण म्हणजे ती दुरुस्त होत असे. सुरू झाली नाही तर मालक तिला एका बाजूला कलती करी, प्लग काढून घासून बसवी आणि पुन्हा किक मारी. तालुक्याच्या गावातही मेस्त्री आणि सुटे भाग मिळत. मागे लावलेली स्टेपनी हा तर तिचा दागिनाच होता.

विजेच्या स्कूटरला प्लग नाही, कार्बोरेटर नाही, क्लच नाही. बिघडण्यासारख्या वस्तूच कमी, हा मोठा लाभ आहे. पण जे बिघडेल ते गल्लीतल्या मेस्त्रीला उघडता येईलच असे नाही. बॅटरी बंद पेटीत, मोटरचे नियंत्रण संगणकाच्या हाती. कंपनीने भाग द्यायचे थांबवले तर? आठ-दहा वर्षांनी बॅटरी थकली तर? नव्या चेतकचे अंग पोलादी पत्र्याचे ठेवले आहे, ही चांगली गोष्ट. पोचा पडला तर ठोकून काढता येतो आणि शेवटी पत्रा वितळवून पुन्हा वापरता येतो. पण खरा जुना भरवसा द्यायचा असेल तर बॅटरी आणि नियंत्रक यांच्या बाबतीतही तेच धोरण हवे. २०२२ च्या नियमांनुसार भारतात वापरून संपलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. याच्या एक पाऊल पुढे जाऊन सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती सर्व कारागिरांना मिळाली पाहिजे, असे मला ठामपणे वाटते. ज्या दिवशी तालुक्याच्या गावातला मेस्त्री विजेची चेतक उघडून दुरुस्त करील, त्या दिवशी ती नावाला पुरेपूर जागली असे मी म्हणेन.

तुम्ही काय करू शकता?

घरी किंवा शेजारी विजेची स्कूटर असेल तर एक सोपा प्रयोग करा. बॅटरी पूर्ण भरा आणि अंतराचा आकडा टिपून ठेवा. नेहमीसारखी दोन दिवस चालवून पुन्हा आकडा टिपा. मग घरातील इतर विजेची मोठी उपकरणे बंद ठेवून बॅटरी पुन्हा पूर्ण भरा आणि किती युनिटे लागली ते घरच्या मीटरवर पाहा. अंतर भागिले युनिटे. एवढा एक भागाकार जाहिरातीच्या पानभर मजकुरापेक्षा अधिक सांगून जातो. शिक्षकांनी वर्गात चार-पाच वाहनांचे आकडे जमवून तक्ता करावा. त्यात किंमत, जवळचे दुरुस्ती केंद्र किती लांब आहे आणि बॅटरीची हमी किती वर्षांची आहे, हे रकानेही ठेवावेत. दिव्याचा आकार हा रकाना हवा असेल तर खुशाल ठेवा, पण सर्वांत शेवटी.