पराभवातही पाठीशी

उगवत्या सूर्याला नमस्कार करावा, ही जगाची जुनी रीत आहे. जो जिंकतो त्याच्याभोवती माणसे गोळा होतात. जो हरतो त्याच्या अंगणात शुकशुकाट असतो. राजकारण, व्यापार आणि कला यांप्रमाणेच क्रीडाक्षेत्रातही हा अनुभव नित्याचा आहे. म्हणूनच, जिंकण्यापेक्षा हरण्याचीच शक्यता अधिक असलेल्या संघाच्या मागे जन्मभर उभी राहणारी माणसे पाहिली की प्रथम नवल वाटते आणि मग प्रश्न पडतो : हिला निष्ठा म्हणावे की निव्वळ हट्ट? स्कॉटलंडमधील लहान फुटबॉल क्लबांचे पाठीराखे हा प्रश्न मोठ्या ठळकपणे समोर उभा करतात.

स्कॉटलंड हा ग्रेट ब्रिटनच्या उत्तर भागातील देश. त्याची लोकसंख्या सुमारे ५५ लाख आहे आणि फुटबॉल हा तेथील सर्वसामान्य माणसाचा खेळ आहे. तेथील राष्ट्रीय साखळी स्पर्धेत ४२ क्लब चार श्रेणींत विभागलेले असतात : सर्वांत वरच्या श्रेणीत १२ आणि खालच्या तीन श्रेणींत प्रत्येकी १०. हंगामाच्या अखेरीस प्रत्येक श्रेणीतील अग्रेसर क्लब वर चढतात आणि तळाचे क्लब खाली उतरतात. या व्यवस्थेत ग्लासगो शहरातील सेल्टिक आणि रेंजर्स हे दोन क्लब इतके बलाढ्य ठरले की, १९८६ पासून २०२५ पर्यंत सर्वोच्च श्रेणीचे विजेतेपद या दोघांपलीकडे कोणाकडेही गेले नाही. ज्याला केवळ विजयाची हौस आहे, त्याने या दोहोंपैकी एकाचा झेंडा हाती घ्यावा, हे सरळ गणित आहे. तरीही शनिवारी दुपारी अनेक माणसे हे गणित बाजूला सारून आपल्या गावातील छोट्या मैदानाकडे वळतात.

स्कॉटलंडच्या पूर्व भागात अँगस नावाचा परगणा आहे. आर्ब्रोथ, माँट्रोज, फॉरफर आणि ब्रीखिन ही त्यातील चार छोटी गावे आणि चारही गावांचे स्वतंत्र फुटबॉल क्लब. यांपैकी ब्रीखिन हे सुमारे सात हजार वस्तीचे गाव. तेथील 'ब्रीखिन सिटी' हा क्लब १९०६ मध्ये स्थापन झाला. ग्लीब पार्क हे त्याचे मैदान. मैदानाच्या एका बाजूला भिंत नाही की उंच सज्जा नाही, तर झुडपांचे दाट हिरवे कुंपण आहे. ब्रीखिनची ही ओळख साऱ्या स्कॉटलंडला ठाऊक आहे. येथील खेळाडू अर्धवेळ खेळणारे. दिवसभर नोकरीधंदा करायचा, संध्याकाळी सराव करायचा आणि शनिवारी सामना खेळायचा, असा त्यांचा क्रम असतो.

२०१७ मध्ये या क्लबने पेनल्टी किकवर निर्णय लागलेला सामना जिंकून दुसऱ्या क्रमांकाच्या श्रेणीत प्रवेश मिळवला. आनंदाला उधाण आले. परंतु तो आनंद अल्पजीवी ठरला. पुढच्या हंगामात डंडी युनायटेड, सेंट मिरन यांसारख्या पूर्णवेळ व्यावसायिक संघांशी गाठ पडली. ३६ सामने झाले. त्यांपैकी ३२ हरले, ४ बरोबरीत सुटले आणि एकही जिंकला नाही. स्कॉटलंडच्या साखळी स्पर्धेत एखादा संघ संपूर्ण हंगामात एकही विजय न मिळवता राहिला, असे १८९१-९२ नंतर प्रथमच घडत होते. या ३६ सामन्यांपैकी १८ सामने ग्लीब पार्कवरच होते. म्हणजे घरच्या मैदानावर विजयाची आशा धरून अठरा वेळा तिकीट काढायचे आणि अठराही वेळा विजयाविना घरी परतायचे. पाठीराख्याच्या निष्ठेची याहून कठीण परीक्षा ती कोणती?

व्यवहारी माणूस येथे आक्षेप घेईल. तो म्हणेल, "पैसा आणि वेळ खर्च करून मनस्ताप विकत घेण्यात कसला शहाणपणा? दुकानात माल वाईट मिळाला तर गिऱ्हाईक दुकान बदलते. मग खेळाचा संघ का बदलू नये?" हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : पाठीराखा हा गिऱ्हाईक आहे आणि विजय हा त्याला हवा असलेला माल आहे. नेमके हेच गृहीतक तपासून पाहण्याची गरज आहे.

लहान क्लबाशी माणसाचे नाते सहसा निवडीतून जुळत नाही. ते वारशाने येते. वडिलांचे किंवा आजोबांचे बोट धरून मूल पहिल्यांदा मैदानावर जाते. त्या वयात त्याला गुणतक्ता कळत नाही. त्याला कळतो तो गार वारा, हातातील गरम पाय नावाचा मांसाचा खाद्यपदार्थ आणि शेजारी उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसांचा एकच पुकारा. पुढे आजोबा जातात, वडील थकतात. पण उभे राहण्याची जागा तीच राहते. अशा माणसाला संघ बदलायला सांगणे म्हणजे पीक बुडाले म्हणून गाव बदलायला सांगण्यासारखे आहे. परिस्थिती रेटते तेव्हा माणसे गाव सोडतातही. पण त्यामुळे गाव परके होत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. मोठ्या क्लबाच्या हजारो प्रेक्षकांमधून एक माणूस वजा झाला, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. लहान क्लबाच्या बाबतीत प्रत्येक माणूस मोजला जातो. प्रवेशद्वारावर जमा होणारी रक्कम हा त्याचा मोठा आधार असतो. तिकिटे देणे, माहितीपत्रके विकणे, मैदानाची डागडुजी करणे ही कामे बहुधा पाठीराखेच विनामोबदला करतात. येथे बघ्याची भूमिका संपते आणि राखणदाराची सुरू होते. आपण गेलो नाही तर दार उघडणार नाही, ही जाणीव माणसाला जबाबदार बनवते. विजयी संघ चाहत्याला अभिमान देतो. लहान संघ त्याला कर्तव्य देतो. या दोहोंत अधिक काळ टिकणारे कोणते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

मात्र निष्ठा म्हणजे डोळे मिटून घेणे नव्हे. ग्लासगोतील थर्ड लॅनार्क या क्लबाचा इतिहास या संदर्भात आठवणे उचित ठरेल. १८७२ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबने १९०३-०४ मध्ये राष्ट्रीय साखळीचे विजेतेपद मिळवले होते. १९६०-६१ च्या हंगामातही तो तिसऱ्या स्थानावर होता. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत, १९६७ मध्ये, तो बंद पडला. त्याची दुर्दशा मैदानावर दिसली, तरी तिचे मूळ कार्यालयातील गैरकारभारात होते. कॅथकिन पार्क हे त्याचे मैदान आज सार्वजनिक उद्यान आहे आणि प्रेक्षक उभे राहत त्या पायऱ्यांचे अवशेष झाडांमध्ये अजून दिसतात. प्रेम आहे म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत, असा पायंडा पडला की प्रेमाच्या आडोशाने गैरव्यवहार वाढतो, हाच या पायऱ्यांचा धडा आहे. उलट, २०१० मध्ये स्टर्लिंग अल्बियन या क्लबाच्या पाठीराख्यांनी आपल्या न्यासामार्फत संपूर्ण क्लबच विकत घेतला. आवडत्या संस्थेचा हिशेब स्वतःच्या हाती घेणे, हेही निष्ठेचेच रूप आहे. किंबहुना तेच तिचे प्रौढ रूप आहे.

निष्ठेच्या बदल्यात क्लबाला कायमचे संरक्षण मिळावे, अशी अपेक्षाही योग्य नव्हे. पूर्वी स्कॉटलंडमध्ये सर्वांत तळाच्या श्रेणीत शेवटचा क्रमांक आला तरी क्लबाचे स्थान सुटत नसे. २०१४-१५ च्या हंगामापासून तळाच्या क्लबाला बाहेरच्या प्रादेशिक स्पर्धेतील विजेत्याशी झुंज देणे भाग पडले. २०१६ मध्ये ईस्ट स्टर्लिंगशर हा जुना क्लब एडिनबरा सिटीकडून हरला आणि राष्ट्रीय साखळीबाहेर गेला. त्याच्या पाठीराख्यांना दुःख झाले असणारच. परंतु बाहेर वाट पाहत असलेल्या क्लबांनाही आपापले गाव होते, आपापली माणसे होती. आपल्यावरचे प्रेम दुसऱ्याच्या न्याय्य संधीआड येऊ नये, इतके भान निष्ठावंताला असले पाहिजे.

ब्रीखिन सिटीवरही हीच वेळ आली. विजयाविना गेलेल्या त्या हंगामानंतर क्लब एकेक पायरी खाली उतरत गेला. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे हंगाम अर्ध्यावर थांबला, म्हणून तळाला असूनही तो बचावला. पण २०२१ मध्ये केल्टी हार्ट्सकडून पराभूत होऊन राष्ट्रीय साखळीतून बाहेर पडला. त्याला हायलँड लीग या प्रादेशिक स्पर्धेत जावे लागले. तेथील प्रतिस्पर्धी उत्तर टोकाजवळच्या विक गावापर्यंत पसरलेले. जिंकण्याचीच हौस असलेला चाहता असा लांबचा प्रवास करणार नाही. तरीही क्लब बंद पडला नाही. २०२३ मध्ये त्याने हायलँड लीगचे विजेतेपद पटकावले. राष्ट्रीय साखळीत परतण्याची संधी मात्र त्या वर्षी स्पार्टन्स संघाने हिरावून घेतली. एका हाताने मिळाले आणि दुसऱ्या हाताने गेले, असेच हे घडले.

कधी कधी फळ मिळतेही. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या स्टेनहाउसम्यूर या क्लबने साखळी स्पर्धेतील आपले पहिले विजेतेपद २०२४ मध्ये, म्हणजे १४० वर्षांनी मिळवले. त्या दिवशीचा जल्लोष समजण्यासारखा आहे. परंतु विचार करावा तो त्या आधीच्या पिढ्यांचा. त्यांनी तिकिटे काढली, पावसात उभे राहून टाळ्या वाजवल्या, मुलांना मैदानावर आणले आणि विजयाचा दिवस न पाहताच जगाचा निरोप घेतला. त्यांची निष्ठा वाया गेली असे म्हणता येईल काय? ते नसते तर २०२४ मध्ये जिंकण्यासाठी क्लबच उरला नसता.

आंब्याचे झाड लावणारा म्हातारा फळ चाखण्याचा हिशेब करत नाही. लहान क्लबाचा पाठीराखाही तसाच असतो. विजय ही त्याच्या निष्ठेची अट नसते. झालाच तर तो प्रसाद असतो. शाळा, वाचनालय, नाट्यमंडळ किंवा भाषा, माणसाने माणसासाठी उभे केलेले जे जे काही टिकते, ते अशाच माणसांच्या बळावर टिकते. उगवत्या सूर्याला नमस्कार करणारे पुष्कळ असतात. दिवस मावळल्यावर दिवा लावून बसणारे थोडे असतात. आणि त्या थोड्यांमुळेच घर उजळलेले राहते.