एकट्या माणसाचे घरभाडे

माझ्या परिचयातील एक मुलगी चार वर्षांपूर्वी लातूर जिल्ह्यातून पुण्यास आली. एका खाजगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ती तंत्रज्ञ आहे. आठवड्याला दिवसपाळी, आठवड्याला रात्रपाळी. प्रथम ती एका जुन्या वाड्यात कॉट घेऊन राहिली. एका खोलीत पाच जणी. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोप लागते. परंतु इतर चौघींचा दिवस तेव्हाच सुरू होत असतो. दोन वर्षांनी प्रकृती बिघडली, तेव्हा तिने स्वतंत्र खोली घेण्याचे ठरविले आणि खर्चाचा कागद माझ्यापुढे ठेवला.

तो कागद येथे मांडणे उचित ठरेल. हातात पडणारा पगार २२,००० रुपये. खोलीचे भाडे ८,५००; वीज, पाणी व देखभाल ९००; एक वेळचा डबा २,४००; दूध, चहा, गॅस आणि दुसऱ्या वेळचे जेवण मिळून २,३००; बस व रात्री-अपरात्री रिक्षा १,८००; फोन ३५०; औषधपाणी, साबण, कपडालत्ता १,५००; गावी आईवडिलांना ३,०००. बेरीज २०,७५०. शिल्लक १,२५०. यात सिनेमा नाही, पुस्तक नाही, सणाला गावी जाण्याचे भाडे नाही. आणि खोलीत पाऊल टाकण्यापूर्वीच अनामत ३०,००० रुपये व दलालाचे एक महिन्याचे भाडे मोजावयाचे. एवढी रक्कम त्या शिलकेतून उभी करावयाची, तर एकतीस महिने लागतील. करार मात्र अकरा महिन्यांचा! तो संपताच मालकाने दहा टक्के वाढ मागितली, की शिल्लक चारशेवर येते.

हिशेब पाहून कोणी शहाणा म्हणेल, की मुलीने रिक्षा सोडावी, दोन्ही वेळा हाताने रांधावे. काटकसरीला माझा विरोध नाही. परंतु हिशेबाचे दुखणे चहाच्या कपात नाही, ते भाड्यात आहे. पगाराचे शंभरातील एकोणचाळीस रुपये छपरासाठी जातात. बर्लिनच्या हेर्मान श्वाबे या संख्याशास्त्रज्ञाने १८६८ मध्येच दाखवून दिले होते, की उत्पन्न जितके कमी तितका त्यातील भाड्याचा वाटा अधिक. गरिबाला घर महाग पडते ते तो उधळ्या असतो म्हणून नव्हे. भाकरी अर्धी खाता येते, खोली अर्धी घेता येत नाही. आणि अर्धी घ्यावयाची म्हटली, तर तिचे नाव कॉट.

आता आपले शासन या भाड्याकडे कसे पाहते ते पाहू. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजाधिष्ठित किमान वेतनाचे सूत्र मान्य केले. त्यात अन्न व वस्त्र यांच्याबरोबर घरभाडे होते, आणि ते शासनाच्या औद्योगिक गृहनिर्माण योजनेतील किमान जागेच्या भाड्याशी जोडलेले होते. त्या काळी शासन स्वतः कामगारांसाठी भाड्याच्या चाळी बांधीत असल्यामुळे या जोडणीला काही अर्थ होता. १९८३ साली महाराष्ट्राने कामगारांच्या किमान घरभाडे भत्त्याचा कायदा केला, तेव्हा तो भत्ता वेतनाच्या पाच टक्के ठरला. वेतन संहितेच्या नियमांचा जो मसुदा केंद्राने २०२० साली प्रसिद्ध केला, त्यात घरभाडे म्हणून अन्नवस्त्राच्या खर्चाच्या दहा टक्के धरावेत असे म्हटले. एखाद्या कुटुंबाचा अन्नवस्त्राचा खर्च बारा हजार मानला, तर घरासाठी बाराशे रुपये! बाराशे रुपयांत पुण्यामुंबईत आज कॉटही मिळत नाही. उलट, केंद्राच्या नोकराला याच शहरांत २०२४ पासून मूळ वेतनाच्या तीस टक्के घरभाडे भत्ता मिळू लागला. तो योग्यच आहे; त्याचा मत्सर करण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की ज्या शासनाला स्वतःच्या कारकुनाचे भाडे तीस टक्के दिसते, त्याला कंत्राटी कामगाराचे भाडे इतके अल्प का दिसावे?

येथे दोन आक्षेप येतील. पहिला असा, की एकट्याने राहणे ही चैन आहे. गिरणगावात एका खोलीत वीस-वीस माणसे पाळीपाळीने झोपली, खानावळीत जेवली, आणि लढेही लढली. खरे आहे. त्या गावकीच्या खोल्यांनी कोकण-घाटावरच्या माणसाला आधार दिला. परंतु तो नाइलाज होता, आदर्श नव्हे. आणि त्या खोलीत बाई कोठे होती? ती गावी शेत राखीत होती, किंवा त्या वीस जणांसाठी भाकऱ्या थापीत होती. आज तीच बाई स्वतःच्या कमाईवर स्वतःच्या दाराला कडी लावू मागते. तिला चैनखोर ठरविणाऱ्यांनी, तिच्या वयाचा मुलगा एकटा राहिला तर त्याला आपण काय म्हणतो, हे आठवून पाहावे. शिवाय मालक तिला भाड्याआधी आडनाव विचारतो, मग लग्न, मग येणारेजाणारे. ‘चांगल्या घरातील’ ठरण्याची ही परीक्षा दलिताला आणि मुसलमानाला तर बहुधा दारातूनच परत पाठविते.

दुसरा आक्षेप मालकांचा आहे व तो ऐकून घेतला पाहिजे. खोली देणारा प्रत्येक जण धनदांडगा नसतो. निवृत्त शिक्षकाची वरची खोली हेच त्याचे निवृत्तिवेतन असते. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठविली. मूळ हेतू चांगला असूनही पुढे घरे मोडकळीस आली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणभाड्याच्या त्या तरतुदी अवाजवी ठरविल्या, हे डाव्या विचाराच्या माणसांनीही प्रांजळपणे मान्य करावे. गोठवणूक हा उपाय नव्हे. परंतु त्या चुकीचे प्रायश्चित्त म्हणून भाडेकरूला सर्वस्वी बाजाराच्या स्वाधीन करणे, हाही न्याय नव्हे.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट, असलेला कायदा माहीत करून घेणे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. किती मुलामुलींना हे ठाऊक आहे? दुसरी गोष्ट, अनामतीला मर्यादा. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याने राहत्या घरासाठी ती दोन महिन्यांच्या भाड्याइतकी सुचविली आहे. त्या कायद्यातील सारेच स्वीकारण्याजोगे नाही, परंतु एवढी तरतूद राज्यातील प्रत्येक भाडेकरूच्या पदरात पडलीच पाहिजे. वर सांगितलेल्या मुलीचे त्यामुळे तेरा हजार रुपये वाचतील. तिसरी आणि मुख्य गोष्ट, भाड्याची सार्वजनिक घरे. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली. घर नाही म्हणून माणसे कॉटवर आणि माणसे नाहीत म्हणून घरे कुलपात, ही अवस्था केवळ मालकीच्या घरांच्या योजनांनी सुटणारी नाही. नगरपालिकांनी, सहकारी संस्थांनी, कामगार संघटनांनी एकट्या माणसासाठी लहान खोल्या बांधाव्यात, भाडे पगाराशी जोडावे, आणि दारात आडनाव विचारू नये.

त्या मुलीने खोली घेतली. अनामतीसाठी आईने गळ्यातील सोन्याचे मणी गहाण ठेवले. रात्रपाळीहून आल्यावर आता तिला झोप लागते, असे ती सांगते. कष्ट करणाऱ्या माणसाला निवांत झोप मिळावी म्हणून घरातील सोने गहाण पडावे लागते, ही गोष्ट ज्यांना सहज वाटते, त्यांनी वेतन ठरविणाऱ्या समित्यांवर बसू नये.