ब्रेक दाबला, पण पुरता दाबला काय?

वाचकहो, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर काय काय धावते ते आम्ही वेगळे सांगायला नको. घुग्घुस-बल्लारपूरकडचे कोळशाचे ट्रक, सुरजागडचे लोहखनिज घेऊन आष्टीमार्गे येणारे ट्रक आणि त्यांतूनच वाट काढणारी वऱ्हाडाची जीप. चिचपल्लीच्या जंगलात रात्री चितळ किंवा रानडुक्कर अचानक पुढ्यात उभे राहते. चालक ब्रेक दाबतो. तरीही गाडी धडकते. असे का व्हावे?

घाबरलेला माणूस ब्रेक चटकन दाबतो, पण पुरत्या जोराने दाबत नाही. संशोधकांना हे आढळले, आणि १९९६ साली मर्सिडीज-बेंझ कंपनीने आपल्या मोटारींत 'ब्रेक असिस्ट' ही यंत्रणा आणली. पेडल किती झपाट्याने खाली गेले यावरून तिला संकट कळते, आणि पाय कमी पडला तरी ती ब्रेकला पूर्ण जोर देते. त्याच वेळी 'एबीएस' चाके जाम होऊ देत नाही, म्हणून स्टेअरिंग हातात राहते.

आम्ही हिशेबाची माणसे, म्हणून आकडे मांडतो. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत एक सेकंद तरी जातोच. पुढे कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक लागला तर गाडी आणखी साधारण २० मीटरवर थांबते. निम्म्या जोराने लागला तर ४० मीटरवर. या २० मीटरांच्या फरकात कुणाचे तरी लेकरू रस्ता ओलांडत असते!

मोटार घेताना आपण किंमत, ॲव्हरेज आणि रंग पाहतो. यापुढे 'ब्रेक असिस्ट आहे काय?' हेही विचारावे. देशात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले; पण एबीएस आहे म्हणजे ब्रेक असिस्ट असेलच असे नाही. जुनी गाडी घेणाऱ्याने तर आधी हे तपासावे. अशा गाडीत संकटसमयी पेडल पूर्ण दाबून धरावे. ते पायाखाली थरथरले तरी पाय उचलू नये.

ज्यांच्याकडे जुनी जीप किंवा टेम्पो आहे त्यांनी काय करावे? गुळगुळीत टायर बदलावेत, ब्रेक ऑइल वेळेवर बदलावे, दहाच्या जागी वीस माणसे कोंबू नयेत. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते, हे कोणतेही यंत्र बदलू शकत नाही. टायर घासलेले असतील तर ब्रेक असिस्टही हतबल होते.

लग्नात बँडवर हजारो रुपये जातात. त्यातलेच थोडे वऱ्हाडाच्या गाडीच्या टायर-ब्रेकवर खर्च करा. वऱ्हाड सुखरूप घरी परतणे, हाच खरा आहेर!